टोचणारा ‘स’

नवा अ‍ॅम्प्लिफायर खोक्यातून काढताना इरावतीने सारंगला हातसुद्धा लावू दिला नव्हता. कॉलेजात असल्यापासून तिला चांगला स्टिरिओ हवा होता. आधी होस्टेलची खोली, मग पुण्यातला भाड्याचा फ्लॅट, मग अ‍ॅमस्टरडॅममधलं चार पाहुणे आले की भरून जाणारं घर. जागा अशी कधी नव्हतीच. मग शेजारच्या आल्मेरे गावात स्वतःचं घर झालं, खाली ऐसपैस बैठकीची खोली आली, आणि चाळिसाव्या वाढदिवसाला तिने सगळं एकदम आणलं. कमरेएवढे उंच दोन स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि नेटवरून गाणी वाजवणारी एक चपटी पेटी. दोन महिने रिव्ह्यू वाचून केलेली निवड होती. सगळ्या रिव्ह्यूंमध्ये एक शब्द हटकून यायचा, स्वच्छ.

आवाज स्वच्छच होता. गायिकेने घेतलेला श्वास ऐकू यायचा, तंबोऱ्याची तार न तार वेगळी कळायची. पण पंधरा-वीस मिनिटं झाली की इरावतीच्या कपाळात कुणीतरी बोट रोवल्यासारखं व्हायचं, आणि ती काहीतरी निमित्त काढून आवाज कमी करायची. सारंगला तर गाणं लागलं की नेमकी बागेतली कामं आठवायची. एप्रिल उजाडेपर्यंत त्या गल्लीत त्यांच्याइतकी नीट कापलेली हिरवळ कुणाचीच नव्हती.

याबद्दल दोघंही एकमेकांशी काही बोलले नाहीत. एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूला नावं कोण ठेवणार?

बोलल्या त्या प्रमोदिनीबाई, सारंगची आई. वय अडुसष्ट, राहायला पुण्यात, आणि तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. इरावतीचं आणि त्यांचं कधी वाजलं नव्हतं, पण कधी गप्पाही झाल्या नव्हत्या. बारा वर्षं फोनवर हवा, जेवण आणि तब्येत या तीनच विषयांवर बोलणं चाललं होतं, आणि दोघींनाही ते पुरेसं वाटत आलं होतं.

त्या शनिवारी सकाळी इरावतीने एक ठुमरी लावली होती. प्रमोदिनीबाई सोफ्याच्या टोकाला बसून मेथी निवडत होत्या. निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

“इरा, एक विचारू का? राग नको मानूस.”

“विचारा ना, आई.”

“बाईंचा प्रत्येक ‘स’ टोचतोय. ‘सजन’ म्हणाल्या की टोचतो, ‘साँवरे’ म्हणाल्या की टोचतो. तुला नाही टोचत?”

इरावतीने रिमोट हातात घट्ट धरला. “स्पीकर खूप चांगले आहेत, आई.”

“चांगलेच आहेत. म्हणून तर एवढा नीट टोचतोय.”

इरावतीला राग आला, पण क्षणभरच. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या एका बँकेच्या ऑफिसात ती सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करत होती. कुणी तक्रार केली की वाद न घालता आधी तीच गोष्ट पुन्हा घडवून बघायची, ही तिची सतरा वर्षांची सवय. तिने गाणं मागे घेतलं. ‘सजन’ आला, आणि खरंच, दातांच्या फटीतून शिट्टी फुटावी तसा आला. तिने पुन्हा मागे घेतलं. पुन्हा तेच. इतके दिवस जे नुसतं कपाळात दुखत होतं त्याला आता नाव मिळालं होतं.

“तुम्हाला हे कसं कळलं?”

“अगं, बत्तीस वर्षं दुसरं काय केलं मी?” प्रमोदिनीबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “रेडिओवर टायपिस्ट म्हणून लागले. एक दिवस रेकॉर्डिंगच्या खोलीतला माणूस आला नाही, म्हणून मला तिथे बसवलं. पुढे कुणी उठवलंच नाही. कुठल्या गायकाला माइकपासून किती लांब बसवायचं, कुठल्या निवेदिकेचा ‘स’ शिट्टी मारतो, तिच्यासाठी माइक किती तिरपा करायचा, हेच काम.”

बागेच्या दारात सारंग गवत कापायची कात्री घेऊन उभा होता. “आई, तू तर टायपिंग करायचीस ना?”

“पहिली दोन वर्षं,” त्या म्हणाल्या. “नंतर तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. घरी आलं की कुकर लावायचा असायचा.”

त्या दिवशी मेथी तशीच राहिली. प्रमोदिनीबाईंनी खोलीत फिरत टाळ्या वाजवून पाहिल्या. जमिनीला लॅमिनेट, समोर छतापर्यंत काच. टाळी कशी टणटणत परत येत होती. त्यांनी वरच्या खोलीतल्या दोन दुलया आणून पडद्याच्या दांडीवर टाकल्या, स्पीकरांची तोंडं जराशी फिरवली आणि गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

“चार आणे गेलं,” त्या म्हणाल्या. “बारा आणे उरलं. ते खोलीत नाही. जिथून गाणं येतंय तिथेच आहे.”

इरावतीच्या मनात बरेच दिवस रेकॉर्ड प्लेअर घोळत होता. गेल्या वर्षी बाजारात तिने एका डच गायिकेची जुनी रेकॉर्ड घेऊनही ठेवली होती, वाजवायला यंत्र नसताना. हे तिने जरा लाजतच सांगितलं. प्रमोदिनीबाई एकदम सावरून बसल्या.

“मग तोच बघू. सगळा खेळ सुईचा असतो. आमच्याकडे एकच रेकॉर्ड एका सुईने घासल्यासारखी वाजायची आणि दुसरीने अशी, की बाई समोर बसून गातेय.”

पुढच्या शनिवारी दोघी ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅमला गेल्या. दुकान देखणं होतं. अक्रोडाच्या लाकडाचं एक टर्नटेबल बघता क्षणी इरावतीच्या मनात भरलं. दुकानातल्या माणसाने, दोघींनी सोबत नेलेली डच रेकॉर्ड त्यावर लावली. प्रमोदिनीबाईंना डच अक्षरही कळत नव्हतं. “ते बरंच आहे,” त्या म्हणाल्या, “शब्दांकडे लक्ष जात नाही. ‘स’ आणि ‘त’ तेवढे ऐकू येतात.” डोळे मिटून त्यांनी दोन गाणी ऐकली, मग इरावतीकडे बघून मान हलवली.

“काय झालं? मला तर आवडलं.”

“दिसायला आवडलं का ऐकायला?”

इरावतीने त्या लाकडाकडे पुन्हा पाहिलं आणि तिला हसू आलं. “दिसायला.”

“हे आपल्या घरातल्यासारखंच बोलतं. तिकडे आधीच कडक स्वभावाचे स्पीकर आहेत. दोन कडक माणसं एका घरात कशाला?”

परतीच्या ट्रेनमध्ये इरावती फोनवर मार्क्टप्लाट्स उघडून बसली. इथे लोक जुन्या वस्तू विकतात त्या याच साइटवर. टर्नटेबलं शेकड्याने होती. बहुतेकांखाली ‘चालू आहे’ एवढंच लिहिलेलं. एका जाहिरातीवर मात्र ती थबकली, आणि तिने सासूबाईंना मराठीत वाचून दाखवलं, “दोन टर्नटेबलं. फक्त ऐकणाऱ्यांसाठी. घाईत असाल तर येऊ नका. चहा मिळेल. जयप्रकाश, झुइडओस्ट.”

“माणूस आपल्यातला दिसतो,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

तो तसा आपल्यातला होता आणि नव्हताही. जयप्रकाश रामदीन सत्तरीचे, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, एकेकाळच्या डच वसाहतीत, जन्मलेले. त्यांचे पणजोबा बिहारमधून तिकडे उसाच्या मळ्यात कामाला गेले होते, आणि ते स्वतः एकोणिसाव्या वर्षी हॉलंडला आले. इथे त्यांनी आयुष्यभर मेट्रो चालवली आणि शनिवार-रविवारी लग्नांत साऊंड सिस्टिम लावली. झुइडओस्टमधला त्यांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. बोलणं भोजपुरीच्या जवळचं, मध्येच एखादा डच शब्द. इरावतीने डचमध्ये सुरुवात केली होती, पण दार उघडताच त्यांनी प्रमोदिनीबाईंची साडी पाहिली आणि भाषाच बदलली.

“बइठ दीदी, बइठ. पहिले सुन, फिर बात करब.”

प्रमोदिनीबाई आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाल्या, “हम सुननेकोही आये हैं.”

बैठकीच्या खोलीत एका भिंतीला तीन टर्नटेबलं ओळीने मांडली होती. पहिलं काळं, जड, लग्नांत वापरलेलं. दुसरं लाकडी, नाजूक. तिसरं करड्या रंगाचं, कोपऱ्यांना रंग उडालेलं; ते विकायचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. जयप्रकाशांनी दोघींना पाठमोरं बसवलं, खिडकीकडे तोंड करून. कुठलं वाजतंय ते बघायचं नाही. आणि रेकॉर्ड त्यांचीच लावायची. सुरिनामचं बैठकगाणं, हार्मोनियम, ढोलक आणि धनताल.

“धनताल म्हणजे?” इरावतीने विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातून छातीएवढी उंच लोखंडी सळई काढली आणि घोड्याच्या नालासारख्या तुकड्याने तिच्यावर एक ठोका मारला. टिण्ण करून आवाज घरभर गेला. “ई जे मसीन ठीक से बजाई, ऊ सब बजाई,” ते म्हणाले. म्हणजे, ज्या यंत्रावर हा ठोका नीट वाजेल त्यावर सगळंच वाजेल.

पहिलं वाजलं. ढोलक अगदी समोर, ठोक्याला ठोका. पण धनताल सुरू झाला आणि इरावतीने नकळत डोळे बारीक केले.

दुसरं वाजलं. तिचे खांदे आपोआप खाली आले. काही टोचत नव्हतं. हार्मोनियम मऊ, गाणारा माणूस मऊ. गाणं संपायच्या आत ती वळून म्हणाली, “आई, हेच घेऊया.”

“थांब जरा. धनताल कुठे गेला?”

इरावतीने कान दिला. धनताल होता, पण शेजारच्या घरात कुणीतरी वाजवत असल्यासारखा.

“हे टोचत नाही, कारण हे सांगतच नाही,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “सगळ्यावर पांघरूण घातलंय. पंधरा दिवस बरं वाटेल, मग तुला कंटाळा येईल. पुन्हा स्पीकर बदलायला निघशील.”

मग तिसरं वाजलं. तीच सळई, तोच ठोका, पण आता तो लोखंडाचा न वाटता घंटेचा वाटत होता. आधी लागायचा आणि मग हळूहळू विरत जायचा. गाणाऱ्याचा आवाज जरा घोगरा होता, हे इरावतीला पहिल्यांदा कळलं. दोन गाणी संपली तरी तिला कपाळाची आठवण झाली नाही.

“ई बेचे के नाहीं है,” जयप्रकाशांनी आधीच सांगून टाकलं.

“नको,” प्रमोदिनीबाई हिंदीत म्हणाल्या. “मशीन आम्हाला पहिलंच द्या. ढोलक त्याच्यावर जास्त नीट आहे. फक्त त्याला तिसऱ्याची सुई लावून बघाल का?”

जयप्रकाश हसायला लागले, इतके की चष्मा काढून पुसावा लागला. “तीस बरिस में कोई नाहीं पूछलस, दीदी. सब मसीन देखत है, चमक देखत है.”

सुई ज्या नखाएवढ्या डबीत बसते तिला कार्ट्रिज म्हणतात. दोन्ही यंत्रांच्या दांड्यांच्या टोकाची खोळ कार्ट्रिजसकट फिरवून काढता येत होती, त्यामुळे अदलाबदल करायला मिनिटही लागलं नाही. लग्नांत वापरलेल्या त्या काळ्या यंत्रावर तिसऱ्याची जुनी तपकिरी डबी चढली आणि तीच रेकॉर्ड पुन्हा लागली. प्रमोदिनीबाईंनी हाताने मांडीवर ठेका धरला. तिसऱ्या कडव्याला त्या डोळे मिटून हसत होत्या. सासूबाईंना असं हसताना इरावतीने पाहिलं नव्हतं.

अडचण एवढीच, की ती डबी आता बनत नव्हती. पण जयप्रकाशांच्या ड्रॉवरमध्ये तशीच दुसरी होती, कधीतरी घेऊन ठेवलेली. त्यांनी ती छोट्या मायक्रोस्कोपखाली धरली आणि इरावतीला बघायला सांगितलं. सुईचं टोक एका बाजूने सपाट झालं होतं, पेन्सिल एकाच अंगाने झिजावी तसं. तिने ते सांगताच जयप्रकाश तिलाही मान देऊन बोलायला लागले. डबी जुनी असली तरी तिच्यासाठी नवी सुई अजून मिळते, असं त्यांनी सांगितलं. मागवायला आठवडा लागेल. यंत्र आणि डबी दोन्हीचा दाम त्यांनी वाजवी सांगितला, आणि वर एक अट घातली.

“बाजे लगी तब हमके बुलइह. हम सुने आइब.”

सारंग गाडी घेऊन आला आणि ते धूड त्याने सात मजले लिफ्टने खाली नेलं. वाटेत त्याने तीनदा विचारलं की हे आपल्या नव्या वस्तूंपेक्षा चाळीस वर्षं जुनं आहे हे आपल्याला माहीत आहे ना. मागच्या सीटवर दोघी धनतालाबद्दल बोलत होत्या. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सुई नवव्या दिवशी आली. शनिवारी सकाळी इरावतीने ती डबीत बसवली, डबी दांड्याला लावली आणि डच गायिकेची रेकॉर्ड ठेवली. पहिलं गाणं असं लागलं, की सारंग चहाचा कप घेऊन चक्क सोफ्यावर बसला. दुसरंही छान. तिसरं ठीक. चौथ्याला गायिकेच्या ‘स’ला पुन्हा धार आली, आणि पाचव्याला तर तो पूर्वीपेक्षा वाईट फाटायला लागला.

इरावतीने दांडा उचलला. तिचा चेहरा पडला होता. “स्पीकरच चुकीचे घेतले मी. उगाच तुम्हाला सगळीकडे नाचवलं.”

“काही नाचवलं नाहीस. पहिल्या गाण्यात टोचलं का?”

“नाही.”

“शेवटच्यात टोचलं. परत पहिलं लाव बरं.”

पहिलं लावलं. स्वच्छ आणि मऊ. शेवटचं लावलं. फाटलेलं.

इरावती हळूहळू सरळ झाली. “दर वेळी शेवटच्यातच? नक्की?”

“नक्की. सुई जसजशी आत जाते तसतसं बिघडतंय. म्हणजे सुई चांगली आहे. ती वाकडी बसली आहे.”

“आई, दर वेळी एकाच ठिकाणी बिघडतंय ना, मग ते सापडतं,” इरावती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की सारंगने कप खाली ठेवला. जे कधी होतं आणि कधी होत नाही, तेच तिच्या कामात खरं डोकं खायचं. हे तर हाताशी आलेलं होतं.

ड्रॉवरमध्ये पडलेल्या त्या डबीचे स्क्रू कुणीतरी नुसतेच अडकवून ठेवले होते. इरावतीने नेटवरून चौकटी आखलेला एक कागद छापून घेतला. तो यंत्राच्या तबकडीवर ठेवायचा, त्यावरच्या खुणेवर सुईचं टोक टेकवायचं, आणि डबी चौकटीच्या रेघांना बरोबर समांतर आली का ते पाहायचं. बाहेरच्या खुणेवर समांतर होती. आतल्या खुणेवर तिरकी. तिने दोन बारीक स्क्रू सैल केले, श्वास रोखून डबी पुढे सरकवली, केसभर, आणि पुन्हा कसले. सारंगने टॉर्च धरला. प्रमोदिनीबाई सोफ्याच्या मध्यावर बसल्या. त्यांनी तिथून हलायचं नाही असं ठरलं होतं.

“आता?”

“कमी झालं. आहे अजून.”

“आता?”

“आता पहिल्यातसुद्धा आलं. मागे घे.”

“आता?”

“निम्मं.”

स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी करून ठेवली होती ती गार झाली. सारंगचा हात भरून आला तेव्हा त्याने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला, पण तक्रार केली नाही. चौथ्या वेळी इरावतीला डबी दोन्ही खुणांवर सरळ दिसली. तरी प्रमोदिनीबाई म्हणाल्या, “जरा कुठेतरी आहे.” इरावतीने दांड्याची मागची बाजू किंचित खाली आणली. हे तिने कुठेतरी वाचलं होतं; करावं की नाही याची तिला खात्री नव्हती.

पाचवं गाणं लागलं. प्रमोदिनीबाईंनी मान तिरपी करून कान दिला. गाणं पुढे गेलं, कडवं आलं, त्या ओळीत ओळीने तीन-चार ‘स’ होते, आणि ते सगळे आले, एकही लपला नाही, फक्त माणसाच्या तोंडून यावेत तसे आले. गायिका साधारण पन्नाशीची असावी असं इरावतीला उगीचच वाटलं. बाई थकलेली होती आणि तिला गायला आवडत होतं. इतके दिवस हे त्या खोलीत कधी ऐकूच आलं नव्हतं.

सुई मधल्या कोऱ्या जागेत पोचून टिकटिक करायला लागली, तरी कुणी उठलं नाही.

“आई,” सारंग म्हणाला, “तू हेच करायचीस रोज?”

“रोज.”

“आणि आम्ही संध्याकाळी विचारायचो, भाजी कुठली केलीस.”

“भाजीही करायचे,” त्या म्हणाल्या. “उठ, दुसरी बाजू लाव. आणि ते पोहे कुणीतरी परतून घ्या.”

त्या दिवशी त्यांनी ती एकच रेकॉर्ड सहा वेळा ऐकली, कारण घरात दुसरी नव्हती.

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी दुपारी जयप्रकाश आले. जेवायला मसालेभात होता. जेवणाच्या आधीच त्यांनी हात पुसून रेकॉर्ड लावली आणि खोलीच्या मधोमध उभे राहून ऐकली. मग स्पीकरजवळ गेले, मग लांब गेले, मग बागेच्या दारात जाऊन उभे राहिले.

“के बइठउलस?” त्यांनी यंत्राकडे बोट दाखवून विचारलं. म्हणजे सुई कुणी बसवली.

“बहूने,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

“कान आईंचे,” इरावती म्हणाली. “मी फक्त स्क्रू फिरवले.”

जयप्रकाशांनी दोघींकडे पाहून मान डोलावली आणि जेवायला बसल्यावर पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात टेप होत्या. त्यांनी लग्नांत साऊंड लावता लावता स्वतः ध्वनिमुद्रित केलेलं बैठकगाणं, चाळीस वर्षांचं. त्यातले कित्येक गाणारे आता नव्हते. त्यांची नातवंडं टेप मागत होती, आणि कुणीतरी बसून त्या ऐकायला हव्या होत्या; कुठली चांगली आहे, कुठली घासली गेली आहे, कुठे धनताल बाकी सगळ्यांच्या अंगावर येतो. हे सगळं नव्याने उतरवून घ्यायचं होतं. त्यांचे स्वतःचे कान आता वरचे सूर नीट धरत नव्हते, हे त्यांनी सरळ सांगितलं.

“दीदी, तू सुनबू?”

प्रमोदिनीबाईंनी मसालेभाताचा चमचा तसाच धरला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्यांना कामाचं असं काही विचारणारा हा पहिलाच माणूस होता.

“किती टेप आहेत?” त्यांनी विचारलं.

“एक सौ चालीस.”

“मग हेडफोन चांगला लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि वही. प्रत्येकीचं लिहून ठेवायला हवं.”

मंगळवार आणि गुरुवार ठरले. पहिल्या मंगळवारी इरावती ऑफिसला जाताना त्यांना सोबत घेऊन गेली, जयप्रकाशांच्या दारापर्यंत पोचवलं आणि परतीसाठी ट्रेनचं कार्ड कसं दाखवायचं ते दोनदा समजावलं. गुरुवारी त्या एकट्या गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका गोंधळलेल्या मराठी जोडप्याला झुइडओस्टच्या स्टेशनवर कुठली मेट्रो धरायची ते सांगितलं, आणि संध्याकाळी जेवताना त्याचं साग्रसंगीत वर्णन केलं. फोनवरचे ते तीन विषय आता घरात कुणाला आठवत नव्हते. कुठल्या टेपमध्ये कोण गायलंय, कुणाचा ‘श’ कसा आहे, नवऱ्यामुलाच्या काकाने मध्येच माइक कसा हिसकावला, हे ऐकून झाल्याशिवाय सारंग ताटावरून उठत नव्हता.

जूनमधल्या एका गुरुवारी ऊन छान पडलं होतं. इरावती जेवणाच्या सुट्टीत सँडविच घेऊन बाहेर आली. जयप्रकाशांची बिल्डिंग तिथून दहा मिनिटांवर होती. आईंना घेऊन कुठेतरी कॉफी प्यावी असं तिच्या मनात आलं आणि तिने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला. मागे ढोलक चालू होता, कुणीतरी वरच्या पट्टीत गात होतं.

“आई, मी खाली येते. कॉफीला जाऊया?”

“आत्ता नको गं,” प्रमोदिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या, “रेकॉर्डिंग चालू आहे,” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

इरावती फूटपाथवर उभ्या उभ्या हसत राहिली. मग बाकावर बसून तिने सँडविच संपवलं आणि कामावर परत गेली.